फॅस्मोफोबिया: हंट लागला की चौघंही मरायलोत, लपायचं कुठं आणि पळायचं कधी?

उदगीर_नाइट

आम्ही चौघं पीसीवर फॅस्मोफोबिया (पुरावे गोळा करून भूत ओळखायचा गेम) खेळायलोत. दोघं उदगीरला एकाच खोलीत बसतात, एक लातूरहून, एक नांदेडहून. डिफिकल्टी इंटरमीडिएट, मॅप बहुतेक टँगलवूड नाहीतर विलो. पुरावे सापडतात, भुताची खोली लवकर कळते, तिथवर काही अडचण नाही. हंट सुरू झाला, म्हणजे भूत मारायला निघालं की मात्र सगळा गोंधळ.

विचारायचं ते असं:

लपणं चांगलं की टेबलाभोवती भुताला फिरवणं चांगलं? एक जण म्हणतो कपाटात शिर, दुसरा म्हणतो कपाट म्हणजे मरण.

वाकून चाललं तर भुताला आपला आवाज कमी येतो का?

इन्सेन्स (भुताला भुलवायचा धूप) नेमका कधी पेटवायचा? हंट लागल्याबरोबर पेटवला तरी भूत थोड्या वेळात परत हजर.

आणि सगळ्यात मोठं कोडं: कुणी एक शब्द बोलत नाही, कपाटाचं दार बंद, तरी भूत सरळ त्याच कपाटाकडं येतं. कामून?

---

गोदाकाठ

आधी आकडे घ्या, मग लपायचं की पळायचं हा वाद आपोआप मिटतो.

साध्या भुताचा वेग सेकंदाला १.७ मीटर, तुमचं चालणं १.६. म्हणजे तुम्ही नुसते चालत राहिलात तर ते १० सेकंदांत जेमतेम १ मीटर जवळ येतं. खरा धोका नजरेचा आहे. तुम्ही दिसत राहिलात की त्याचा वेग चढत जातो आणि १३ सेकंद सलग दिसलात तर मूळ वेगाच्या ६५ टक्के वर, म्हणजे साधारण २.८ पर्यंत पोचतो. या १३ सेकंदांत ते तुमच्यातलं अंतर आठ-साडेआठ मीटरनं कापतं. त्यानंतर दर सेकंदाला १.२ मीटर. लांबलचक बोळातून सरळ पळणारा माणूस म्हणून मरतो: बोळात आडोसा नसतो, भूत त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत असतं.

तुमचं पळणं सेकंदाला ३ मीटर, पण दम फक्त ३ सेकंदांचा. तो परत भरायला ५ सेकंद लागतात. एका दमात ९ मीटर, त्यातला भुतावर मिळणारा फायदा जवळपास ४ मीटर. हे ४ मीटर कुठं खर्चायचे यावर सगळं आहे. दाराबाहेर पडून कोपरा वळेपर्यंत पळा, वळल्यावर चाला. भूत दिसल्या-दिसल्या दम संपवून टाकला तर कोपऱ्यावर पोचेपर्यंत हातात काही राहत नाही.

हंट लागल्यावर थोडा वेळ भूत कुणाला मारत नाही. अमॅच्युअरला ५ सेकंद, इंटरमीडिएटला ४, प्रोफेशनलला ३. तुमच्या डिफिकल्टीत ४ सेकंद म्हणजे ३ सेकंद पळणं आणि १ सेकंद चालणं, साधारण साडेदहा मीटर. म्हणून घरात कुठंही काम करत असलात तरी लपायची जागा १० मीटरच्या आत पाहिजे, आणि तिथं जाताना भुताची खोली ओलांडावी लागता कामा नये. दुसरी अट लोक विसरतात. टँगलवूडच्या तळघरात भूत असेल तर आणखी एक गोष्ट: खाली जायला जिना एकच. तळघरात काम करणाऱ्यानं लपायची जागा तळघरातच बघून ठेवावी, भूत जिन्याच्या तोंडाशी असेल तर वर यायला वाट उरत नाही.

छोट्या मॅपवर इंटरमीडिएटचा हंट २० सेकंदांचा असतो. प्रोफेशनलला तोच ३० चा. शापित वस्तूमुळे लागलेला हंट २० सेकंद जास्त चालतो. म्हणजे टँगलवूडवर नेहमीच्या हंटात तुम्हाला एवढेच २० सेकंद काढायचे असतात, हे डोक्यात असलं की हात कापत नाहीत.

आता वाकून चालण्याबद्दल. पावलांचा आवाज भुताला ऐकूच येत नाही. वाकलं तरी तेच, धावलं तरी तेच. वाकण्याचा उपयोग एकच: सोफा, ओटा, टेबल असल्या बुटक्या आडोशामागं डोकं खाली जातं आणि नजर तुटते. मोकळ्यात वाकून चालणं म्हणजे स्वतःचा वेग कमी करून घेणं.

---

तेरणाकाठचा_पोऱ्या

कपाटाकडं सरळ येतं त्याचं उत्तर देतो, कारण उदगीरला दोघं एकाच खोलीत बसतात हे वाचलं.

भूत तीन गोष्टींनी माणूस शोधतं. डोळ्यांनी, आवाजानं आणि चालू यंत्रानं. आवाज ९ मीटरपर्यंत, हातातलं चालू यंत्र ७.५ मीटरपर्यंत. भिंत, कपाटाचं दार हे डोळ्याला अडवतात, या दोन्हींना अडवत नाहीत.

यंत्राचं सोपं आहे. ईएमएफ मीटर, स्पिरिट बॉक्स (भुताला प्रश्न विचारायचं यंत्र), थर्मामीटर, व्हिडिओ कॅमेरा यातलं काही हातात चालू असेल तर बंद करत बसू नका, कीबोर्डवरचं जी दाबून तिथंच टाका. जमिनीवर चालू पडलेलं यंत्र भुताला तुमच्याकडं आणत नाही, हातातलं आणतं. आणि टॉर्च! दुसरी वस्तू हातात घेतली तरी पेटवलेला टॉर्च पेटलेलाच राहतो. कपाटात शिरलेला माणूस दार लावतो, हात मोकळे करतो, आणि टॉर्च तसाच. टॉर्च बंद करायला टी दाबायची सवय हंटची चाहूल लागल्याबरोबर, कपाटाकडं पळतानाच.

आवाजाचं जास्त अवघड. तुम्ही बोलत नसलात तरी माइक बोलतो. आपल्याकडं मार्च ते जून खोलीत कूलर चालू असतो, आणि माइक आवाजावर आपोआप उघडणाऱ्या सेटिंगवर असेल तर ती घरघर माइकला उघडाच ठेवते. एका खोलीत दोघं असतील तर त्याहून वाईट: पहिला गेममध्ये व्हॅनमध्ये बसून बोलतो, त्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, आणि दुसरा त्या वेळी कपाटात असतो. भुताच्या हिशेबी कपाटच बोललं.

करायचं एवढं. सेटिंगमध्ये पुश टू टॉक, म्हणजे बटण दाबलं तरच माइक उघडतो. स्पीकर बंद, दोघांनाही हेडसेट. माइक तोंडापासून दोन-तीन बोटं, बाजूला वळवलेला, कूलरच्या झोताकडं पाठ. खोली एकच असेल तर तुम्ही दोघं समोरासमोरच्या भिंतींकडं तोंड करून बसा. आणि हंट चालू असताना बटणावरचं बोट उचलून ठेवायचं, चुकून लागलं तरी भुताला तेवढं पुरतं.

स्पिरिट बॉक्सला प्रश्न विचारतानाही हेच बटण दाबावं लागतं, तेवढं लक्षात असू द्या. नाहीतर भूत उत्तर देत नाही म्हणून वेगळाच शोध सुरू होतो.

---

सातमाळा

इन्सेन्सवर मला बोलू द्या, यात लोक माल फुकट घालवतात.

हंट लागल्याबरोबर पेटवलेला इन्सेन्स वाया जातो, कारण भूत त्याच्या टप्प्यात नसतं. टप्पा किती? पहिल्या टियरला (वस्तूच्या दर्जाला) ३ मीटर, दुसऱ्याला ४, तिसऱ्याला ५. भूत एवढं जवळ आल्याशिवाय धूर फुकट. त्याची पद्धत अशी: इन्सेन्स हातात, इग्नायटर (पेटवायचं साधन) दुसऱ्या खान्यात, दोन्ही असल्याशिवाय पेटत नाही. दाराच्या आड उभं राहायचं. भूत दारातून आत येऊ लागलं की पेटवायचं आणि त्याच क्षणी त्याच्या बाजूनं किंवा दुसऱ्या दारानं निघायचं. पेटवून तिथंच उभं राहणारा मरतो.

धुरानं भूत किमान ५ सेकंद आंधळं आणि बहिरं होतं. या ५ सेकंदांत दम शाबूत असेल तर ३ सेकंद पळून ९ मीटर आणि उरलेल्या २ सेकंदांत चालून ३ मीटर, एकूण १२. आवाजाचा टप्पा ९, यंत्राचा ७.५. म्हणजे एका इन्सेन्समध्ये दोन्ही टप्प्यांच्या बाहेर जाता येतं, फक्त दम आधी संपवलेला नको, आणि वाटेत एक तरी कोपरा हवा. कोपरा नसेल तर १२ मीटरवरूनही तुम्ही त्याला दिसणारच.

‘थोड्या वेळात परत हजर’ याचं कारण बहुतेक हेच: धूर दिला, पण पळायच्या दिशेला आडोसा नव्हता.

दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो, आणि नवे लोक तो करतच नाहीत. हंट लागायच्या आधी भुताजवळ इन्सेन्स पेटवला तर पुढचे ९० सेकंद ते हंट करू शकत नाही. डेमन जातीचं भूत असेल तर ६० सेकंद, स्पिरिट जातीचं असेल तर १८०. सॅनिटी (खेळाडूच्या मनाचा तोल, टक्क्यांत) खाली गेली आहे आणि आत अजून एक पुरावा घ्यायचा आहे, अशा वेळी पेटवा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, ७५ सेकंदांना सगळे बाहेर. ७५ का? डेमन नाही हे ठरलेलं असेल तरच ७५. ठरलेलं नसेल तर ५० धरा.

क्रूसिफिक्सचा (क्रॉसचा) गैरसमजही काढून टाका. तो सुरू झालेला नेहमीचा हंट थांबवत नाही, हंट सुरूच होऊ देत नाही. पहिल्या टियरला ३ मीटर आणि एकदाच, दुसऱ्याला ४ मीटर आणि दोनदा, तिसऱ्याला ५ मीटर आणि दोनदा. अंतर मोजायचं ते भूत जिथं उभं आहे तिथून. म्हणून दाराशी ठेवायचा नाही, भुताच्या खोलीच्या मध्यावर, वस्तू जिथं हलतात तिथं. भूत खोली सोडून फिरायला निघालं आणि तिकडूनच हंट लागला, तर खोलीतला क्रूसिफिक्स काय करणार.

---

उदगीर_नाइट

@तेरणाकाठचा_पोऱ्या, दोघांचे माइक आवाजावर उघडणारेच होते. बदलले. इन्सेन्सचंही कळलं.

पण लपणं की फिरवणं हे अजून अर्धंच सुटलं. आणि डिओजेन नावाचं भूत आलं तर? ते लपलेल्यालाही शोधतं म्हणतात.

---

गोदाकाठ

लपणं हा पहिला पर्याय, फिरवणं दुसरा, आणि कोणतं भूत आहे यावर हा क्रम उलटतो.

लपायची जागा चांगली कशी ओळखायची? कपाटाची दोन्ही दारं पूर्ण लागली पाहिजेत, फट राहिली तर ती खिडकीच. कपाट नसेल तर खोलीच्या दाराआडचा कोपरा किंवा मोठ्या फर्निचरमागची जागा. बंद दार भुताची नजर अडवतं, भुताला अडवत नाही, ते दार उघडून आत येऊ शकतं. म्हणून दारात उभं राहिलं की थेट दिसेल अशा जागी लपू नका. डिफिकल्टी वाढली की काही कपाटांसमोर सामान ठेवून ती बंद केलेली असतात, आणि कोणती ते दर वेळी बदलतं. मागच्या खेळात चाललेलं कपाट या वेळी असेलच असं नाही. आत शिरल्याबरोबर पहिल्या दीड-दोन मिनिटांत दोघांनी हेच बघावं, भुताची खोली बाकीचे शोधतील.

पाठलाग करताना भूत दिसेनासं झालेल्या माणसाला विसरत नाही, शेवटचं दिसलेल्या जागेपर्यंत येतं आणि तिथून शोधतं. त्यामुळं भुताच्या डोळ्यांदेखत कपाटात शिरणं म्हणजे पत्ता देणं. आधी कोपरा, मग दुसरा कोपरा, मग कपाट. दोन वळणं घेतल्याशिवाय लपू नका.

फिरवणं कधी? वळणं मिळत नाहीत आणि मध्ये ओटा किंवा मोठं टेबल आहे तेव्हा. टेबलाच्या एका बाजूला भूत, दुसऱ्या बाजूला तुम्ही, त्याच्या उलट टोकाला राहत चाला. पळू नका, दम राखून ठेवा. बुटक्या टेबलावरून तुम्ही त्याला सतत दिसता, म्हणून त्याचा वेग चढतच जातो. १३ सेकंदांनी तोच खेळ अवघड. त्यामुळं एका टेबलावर आठ-दहा सेकंद, मग राखलेल्या दमात दाराबाहेर आणि कोपरा. उंच आडोसा मिळाला, भिंतीचा खांब किंवा दोन दारांची खोली, तर जास्त वेळ फिरवता येतं कारण मध्ये-मध्ये नजर तुटते.

आता भुतं.

डिओजेनपुढं लपू नका. तुम्ही कुठं आहात ते त्याला कायम माहीत असतं. लांब असताना सेकंदाला ३ मीटरनं येतं, अगदी जवळ आलं की ०.४ वर उतरतं. तुमचं चालणं १.६. म्हणजे कपाटात मरण, मोकळ्या जागेत टेबलाभोवती आरामात जगणं. हंट लागला की कपाट सोडून सगळ्यात मोठ्या टेबलाशी या, त्याला जवळ येऊ द्या, मग चालत राहा. पळायची गरजच नाही, उलट लांब गेलात की ते परत ३ च्या वेगानं येतं.

रेव्हेनंटचं अगदी उलट. तुम्ही दिसत नसताना १ मीटर, दिसलात की ३. याच्यासमोर टेबलाभोवती फिरवायला जाल तर संपलात. आधीच लपा, दिसूच नका. पावलं ऐकूनही हे ओळखू येतं: सावकाश, जड पावलं आणि कुणी दिसलं की एकदम झपाटा.

हान्टू थंड खोलीत वेगवान होतं, पण नजरेनं त्याचा वेग चढत नाही. ब्रेकर (घराच्या विजेचा मुख्य स्विच) चालू ठेवा, घर गरम राहतं. जिनचं उलट: ब्रेकर चालू असताना लांबून तुम्ही दिसलात तर २.५ नं येतं. ब्रेकर बंद केला की त्याची ही ताकद गेली. पुराव्यांवरून या दोघांत शंका असेल तर आधी ती मिटवा, मगच ब्रेकरला हात लावा.

यॉकाईला आवाज आणि यंत्र दोन्ही फक्त २.५ मीटरवरून कळतात, लपायला सगळ्यात सोपं. पण त्याच्याजवळ बडबड केली तर ८० टक्के सॅनिटीलाही हंट लावतं, म्हणून त्याच्या खोलीत गप्पा नकोत. रायजू चालू यंत्रांजवळ २.५ नं पळतं, त्यामुळं पळायच्या वाटेवर यंत्रं मांडू नका. आधी जी दाबून टाका म्हटलं ते रायजूला लागू होत नाही, तिथं बंद करूनच टाका.

मायलिंगची पावलं १२ मीटरच्या आतच ऐकू येतात, बाकीच्यांची २०. लांब आहे असं समजून कपाटातून बाहेर पडू नका.

---

परळी_थर्मल

वरचं सगळं बरोबर. चौघांचं गणित कुणी मांडलं नाही ते मांडतो.

नेहमीच्या भुताचा हंट चौघांच्या सरासरी सॅनिटीवर लागतो, ५० टक्क्यांच्या खाली. डेमनला ७०, शेडला ३५. तिघं सतत अंधारात आणि एक उजेडात असं करण्यापेक्षा आळीपाळीनं आत जा. एक जण कायम व्हॅनमध्ये, सॅनिटीच्या बोर्डावर नजर. सरासरी ६० ला आली की त्यानं रेडिओवर सांगायचं, ५५ ला सगळ्यांनी ज्याच्या-त्याच्या लपायच्या जागेपासून १० मीटरच्या आत यायचं. इंटरमीडिएटला गोळ्यांनी माणशी ३५ टक्के परत येते. सगळ्यांनी एकदम खाऊ नका, ज्याची सगळ्यात कमी त्यानं आधी.

अपवाद बॅन्शी. ती एकच माणूस धरून बसते आणि त्याच्याच सॅनिटीवर हंट लावते, सरासरीवर नाही. सरासरी ७० असताना हंट लागला आणि भूत बाकीच्यांना ओलांडून एकाच्याच मागं गेलं, तर तिचा संशय घ्या. ज्याच्या मागं लागली तो व्हॅनमध्ये, काम बाकीचे तिघं करतील.

हंट लागला की बाहेरचं दार बंद होतं, आतल्यांच्या रेडिओवर नुसती खरखर. त्यामुळं ‘हंट लागल्यावर सांगतो’ हे चालत नाही. घरातला टॉर्च लुकलुकला की प्रत्येकानं स्वतःच हंट समजून वागायचं. तो नुसता भुताचा खेळ निघाला तर दहा सेकंद गेले, बाकी काही नाही.

आणि एका कपाटात दोघं कधीच नको. एकाचा माइक उघडला तर दोघं जातात.

---

उदगीर_नाइट

बरं का, एक राहिलं. नांदेडवाल्याचं नेट कधी-कधी अडकतं. त्याच्या स्क्रीनवर भूत दोन हात लांब असताना तो मरतो. यावर काही?

---

तेरणाकाठचा_पोऱ्या

भूत होस्टच्या, म्हणजे लॉबी बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालतं, बाकीच्यांना ते उशिरानं दिसतं. पिंग (नेटचा उशीर) जेवढा जास्त तेवढं भूत खरं तर तुमच्या जवळ असतं. हिशेब असा: ३०० मिलिसेकंद उशीर आणि भुताचा वेग २.८, म्हणजे दिसतं त्यापेक्षा ८० सेंटिमीटर पुढं. नेट अडकून पूर्ण १ सेकंद गेला तर जवळपास ३ मीटर.

म्हणून होस्ट तोच करा ज्याचं नेट आणि लाइट दोन्ही टिकतात. उन्हाळ्यात लाइट जाते तिथं राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावून घ्या, पण आधी राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा बघा, काही ९ चे असतात. लॉबी बनवण्याआधी चौघांनी रीजन एकच निवडा. नांदेडवाला मोबाइल हॉटस्पॉटवर असेल तर केबलनं जोडून बघा, वायफायपेक्षा यूएसबी टेदरिंगला उसळ्या कमी येतात.

आणि तोवर त्याला टेबलाभोवती फिरवायला लावू नका. अडकणाऱ्या नेटवाल्यानं लपावं, फिरवायचं काम होस्टनं घ्यावं. होस्टला भूत जिथं आहे तिथंच दिसतं.